पळालेल्या मजुराची जाहिरात

नवी पेठेतल्या आमच्या चार पानी साप्ताहिकाचे संपादक समोरचा चहा गार होईपर्यंत बोलतात. आगाऊ उचल देऊन मजुराला बांधून ठेवणं म्हणजे गुलामीच, हे ते नऊ वर्षं प्रत्येक अंकात लिहीत आलेत. मला ते अति वाटायचं.

परवा माझ्यासमोर एक वीटभट्टीवाला संपादकांकडे मजुराचा फोटो घेऊन आला.

“उचल घेऊन पळालाय, साहेब. पत्ता सांगणाऱ्याला बक्षीस, असं छापा. सगळं पान घेतो की.”

“माणूस आहे तो, हरवलेली म्हैस नव्हे.”

“मग फोटो तरी द्या माघारी.”

“फोटो त्याचा आहे. तो मागेल तेव्हा देईन.”

शुक्रवारच्या अंकात पहिल्याच पानावर भट्टीच्या नावासह चौकट होती: ‘इथून निघून आलेल्यांनी खालील पत्त्यावर यावं.’ पत्ता संपादकांच्या राहत्या घराचा होता.