बाहीत हात

माझी धाकटी बहीण सुजाता माणसाच्या तोंडाकडे आधी बघायचीच नाही, हातांकडे बघायची. पाहुणा दारात आला की त्याची नखं, बोटं न्याहाळायची आणि काहीतरी पुटपुटायची. चिनी भाषेत. चीनला डॉक्टरकी शिकताना तिने हातांवरच्या म्हणी गोळा केल्या होत्या.

"शौ म्हणजे हात, त्सू म्हणजे पाय. शौ-त्सू म्हणजे भावंडं. दादा, तू हात अन् मी पाय."

"तू पाय का गं?"

"मीच पळाले न्हाई का चीनला!"

आमचं घर अहमदपूरचं. वडील ती शाळेत असतानाच गेले. मी मास्तर झालो, तिला लातूरला क्लासला घातलं; इथल्या मेडिकलचा नंबर थोडक्यात हुकला म्हणून चीनला पाठवलं, तेही मीच. निघताना विहारात तिचा सत्कार झाला, आई रडली. मग कोरोना आला आणि शेवटचं शिक्षण तिने आमच्या गच्चीवर बसून मोबाईलवर घेतलं. बाहेरून शिकून आलेल्यांना इथली परीक्षा पास झाल्याशिवाय डॉक्टर म्हणून काम करता येत नाही. ती परीक्षा तिला सुटेना.

"येन काओ, शौ ती," ती म्हणायची. "डोळे उंच, हात ठेंगणे. नजर आभाळात अन् हाताला सरावच न्हाई. माझ्यासाठीच केली बघ ही म्हण."

तिची आवडती म्हण मात्र वेगळी होती. मरणाला टेकलेलं माणूस डॉक्टरने उठवलं की तिकडे त्याला पाटी देतात : या हाताने वसंत परत आणला. "आपल्याकडं कोण देणार अशी पाटी?" मी चिडवायचो. चुलीपुढून आई ओरडायची, "मी दील की! आदी पास तर होऊ दे लेकरू."

एकदा शेजारच्या कमळाबाईंच्या नवऱ्याच्या छातीत दुखलं. सुजाताने नाडी बघून त्यांना लातूरला पिटाळलं. निघालं पित्त. मग काय, गल्लीला विषयच मिळाला. "चायनाचा माल हाय बाई, गॅरंटी न्हाई!" मला शाळेतही लोक हसून विचारू लागले. मी घरी येऊन तिला बजावलं, "इथून पुढं कुणाच्या अंगाला हात लावायचा न्हाई."

तिने ते ऐकलं. ओढणीखाली हात घेऊन बसायची. "बाहीत हात घालून कडेला उभं राहणं, असं म्हणतात तिकडं," ती हळूच म्हणाली. "दुसऱ्यावर संकट आलं अन् आपण नुसतं बघत राहिलो, की."

मग एका सकाळी चहा पिताना आईच्या हातातून कप निसटला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. सुजाता धावली. "आई, दोन्ही हात वर कर." डावा वर राहिला. उजवा हळूहळू खाली आला.

"दादा, लकवा हाय. गाडी बोलाव, आत्ताच्या आत्ता लातूर. वेळ गेली की गुठळी विरघळवायचं इंजेक्शन चालत न्हाई."

तोवर ओट्यावर शेजारी जमले होते. कमळाबाई म्हणाल्या, "मास्तर, आदी खऱ्या डॉक्टरला तर दाखवा."

मी सुजाताला म्हणालो, "तू सरक बाजूला."

जवळच्या दवाखान्यात आईला अशक्तपणा ठरवून सलाईन लावलं. सुजाता दाराशी उभी होती. "पाया पडते दादा, निघू या."

"एवढी बाटली संपू दे," मी म्हणालो.

लातूरला पोचलो तेव्हा दुपार कलली होती, इंजेक्शनची वेळ टळून गेली होती. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "सकाळी घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"नाही," मी म्हणालो. सुजाता माझ्या शेजारीच उभी होती.

पुढे आई अंथरुणाला खिळली, वाचाही गेली. सुजाता रोज तिच्या उजव्या हाताचं एकेक बोट हलवत बसायची. "दहाही बोटं काळजाला जोडलेली असतात, आई. एक तरी हलव गं." हिवाळ्यात आई गेली. सुजाताने पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली. आता ती पुण्याकडे एका कारखान्यात चिनी इंजिनियरांची दुभाषी आहे.

मला कळलं नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. ते खोटं आहे. आईचा हात खाली आला तेव्हाच मला पटलं होतं. सुजाता बरोबर आहे, हे मला लख्ख दिसलं होतं. पण ओट्यावर गल्ली उभी होती, आणि परत हसं झालं तर, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आईपेक्षा ते मोठं झालं.

मागे फोनवर तिला म्हणालो, "एकदा परीक्षेला बस ना गं."

"नको दादा." मग तीच म्हणाली, "तू मनाला लावून घेऊ नकोस. तुला कुठं कळत होतं लकवा काय असतो? कळलं असतं तर तू थांबला असतास का?"

"न्हाई गं," मी म्हणालो.

"मग झालं तर," असं म्हणून तिने मला माफ केलं. ज्याची माफी हवी, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.