सोळाचा ब्रेकर

इतकी वर्षं वर्दी अंगावर होती, पण यशवंतपूरची ती केस काही डोक्यातून जात नाही.

बाजारामागच्या एका घरात सकाळी अकराच्या सुमारास आग लागली. आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली सत्तरीची आई धुरानं गुदमरून गेली. पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेलं मराठी घर, मुलाचं कापडाचं दुकान; त्याला सगळे अण्णा म्हणायचे. तो रडत ठाण्यात आला. "एसी बसवणाऱ्या वायरमननं वाट लावली, साहेब. त्याला सोडू नका."

वायरमन सीमाभागातला, माझ्यासारखाच घरी मराठी बोलणारा. दोन दिवस त्याला सकाळी बोलावून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवलं आणि तेच तेच विचारलं. तो एकच सांगायचा, "सर, मी सोळा अँपिअरचा ब्रेकर टाकलेला. भिंतीतली तार जुनी, बारीक, गीझर पण तिच्यावरच. एसीला वेगळी जाड तार ओढू म्हटलं, तर अण्णा म्हणाले, मुलीचा साखरपुडा आहे, आत्ताच रंग दिलाय, भिंत फोडायची नाही."

मी टेबलावर हात आपटला. हात वर करायला सगळेच असं काहीतरी सांगतात, असं मला वाटलं. छे! माझंच डोकं फिरलं होतं.

तिसऱ्या दिवशी बाजारातल्या इलेक्ट्रिक सामानाच्या दुकानदाराचा फोन आला. "साहेब, स्वल्प, थोडं बोलायचं होतं. त्या घरच्या अण्णांनी मागच्या आठवड्यात माझ्याकडून बत्तीसचा ब्रेकर नेला. तार केवढी आहे विचारलं, तर म्हणाले, चालतंय."

पंचनाम्यात जप्त केलेला जळका ब्रेकर कपाटातून काढला. काजळी पुसली, तर आकडा बत्तीस. हे आम्ही पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. विद्युत निरीक्षकांना दाखवला. ते म्हणाले, "ब्रेकर तारेच्या जाडीवर ठरतो, साहेब. तार तापायच्या आत तो पडून वीज बंद झाली पाहिजे. हा पडलाच नाही, आणि तार भिंतीत तापत राहिली."

मुलाला बोलावलं. त्यानं काही लपवलं नव्हतं. बल्ब बदलावा तसे लोक ब्रेकर बदलतात. त्यात सांगण्यासारखं काही आहे, हेच त्याला सुचलं नव्हतं.

"आईला दम लागायचा," तो म्हणाला. "गीझर लावला की ब्रेकर पडून एसी बंद. ती घामानं निथळायची. बघवेना हो, म्हणून मोठा टाकला."

वायरमनला घरी जायला सांगितलं. "सरी सर," म्हणजे बरं सर, एवढंच बोलून तो गेला. मी त्याची माफी मागितली नाही, याची आजही लाज वाटते. रडणाऱ्यावर आम्ही पोलीस चटकन विश्वास ठेवतो आणि हातावर पोट असणाऱ्यावर चटकन संशय घेतो, हे मी त्या केसमध्ये शिकलो. फार उशिरा शिकलो.

जबाबावर सही करताना मुलाचा हात थांबला. "साहेब, म्हणजे तो जुना ब्रेकर सारखा पडायचा, तेव्हा आईला वाचवत होता?"

मी "हो" म्हणालो. खरं तेच होतं. पण त्या वेळी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.