परातीतून कापलेलं गॅस्केट

बायको जाऊन वर्ष व्हायचंय. तिची आठवण आली की मला पहिल्यांदा गवत कापायचं मशीन आठवतं. त्याला इलाज न्हाई.

साठ सालानंतरची गोष्ट. सांगलीत विश्रामबागेला एका बंगल्यावर मी माळी होतो. राहायला मागची खोली. साहेबांनी इंजिनाचं मशीन लिलावात घेतलेलं, आधीच म्हातारं. ते बंद पडलं आणि त्याच दिवशी लोणंदहून निरोप आला: बायकोच्या आईचं काही खरं न्हाई, लगेच निघा.

साहेब म्हणाले, "रविवारी पाहुणे येणार. आधी लॉन, मग गाव."

तसंच निघालो असतो तर खोली गेली असती.

मशीन खोललं. सिलिंडर आणि वरच्या हेडच्या मधलं तांब्याच्या पातळ पत्र्याचं गॅस्केट जळून फुटलेलं, दाब तिथूनच निसटत होता. तसलं गॅस्केट सांगली-मिरजेत मिळेना. मुंबईहून येईस्तोवर म्हातारी थांबणार होती व्हय?

बायको मागं उभी होती. म्हणाली, "तांबंच पायजे न्हवं? माझी परात घ्या."

काठाला चिरलेली परात. लग्नात तिच्या आईनंच दिलेली.

"अगं, रुखवताची हाय ती!"

"मग? आईकडंच जायचंय की. कापा गप."

फुटक्या गॅस्केटच्या मापानं छिन्नीनं कापलं, कानस मारली. तांबं मऊ पडावं म्हणून चुलीत लाल करून पाण्यात टाकलं. काळं झालेलं तिनं चिंचेनं घासून दिलं. समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत गेलो. दोरी ओढली, इंजिन धडधडलं. ती गाठोडं आणायला आत पळाली.

साहेब खूश. "वा! आता तूच चालव. दुसऱ्या कुणाच्या हाताला हे चालायचं नाही. पाहुणे गेले की बघू सुट्टीचं."

ती पायरीवरून थेट बोलली, "साहेब, मशीन बरं झालं. आता माणूस सोडा."

साहेबांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा न्हाई.

"तुमी कापा गवत," ती मला म्हणाली, आणि गाडीला एकटी गेली. आयुष्यात पहिल्यांदा.

मी कुंपणापर्यंत जायचो, वळायचो, पुन्हा कुंपण. मशीन बंद पडावं म्हणून लय वाट बघितली. न्हाई पडलं. गॅस्केट पक्कं बसलं होतं.

म्हातारी लेकीच्या मांडीवर गेली. मला निरोप सोमवारी मिळाला. साहेब म्हणाले, "आता जा."