कशावरून गुरुजींची सात नावं

कशावरून गुरुजी देवळातला प्रसादसुद्धा आधी हुंगायचे, मग तोंडात टाकायचे. आमच्या पारनेरच्या शाळेतून ते निवृत्त झाले, पण संशय घेण्यातून कधीच झाले नाहीत. कुणी नुसतं ‘आज उकडतंय’ म्हटलं तरी ‘कशावरून?’ ठरलेलं.

मी त्याच शाळेत संगणक शिकवतो. जुन्या मशिनींवर लिनक्स ही मोफत प्रणाली टाकली, तेव्हा गुरुजी दारातच अडले.

“फुकट हाय? मग आपल्या पोरांची नावं कुठं पोचत्यात, बघितलं का?”

“गुरुजी, हा प्रोग्राम ज्या ओळींत लिहिलाय, त्या कुणालाही वाचता येतात. कुणी, कधी, काय बदललं तेही दिसतं.”

मग महिनाभर ते माझ्या खांद्यावरून डोकावत राहिले. मला अस्सा राग यायचा! त्यांना एकाही ओळीचा अर्थ कळत नव्हता, पण बदलांच्या तारखा वहीत उतरवून घ्यायचे. एके दुपारी म्हणाले, “पोथ्यांना ही सोय असती तर लई भांडणं वाचली असती.”

पोथ्यांचं त्यांचं भांडण जुनं होतं. आमच्या देवळातल्या हस्तलिखित पुराणात एका राजवंशात राजूर गावच्या त्याच पुराणाच्या पोथीपेक्षा सात राजे जास्त. सात पिढ्या धरल्या की सगळा काळ दीडेकशे वर्षं मागे सरकतो. राजूरची पोथी उतरवणाऱ्याने आळसाने ती नावं गाळली, हा गुरुजींचा आरोप. त्यावर तीस वर्षं वह्या भरल्या आणि चोरीच्या भीतीने कुणाला दाखवल्या नाहीत. अखेर मला दिल्या, प्रत्येक बदलाची नोंद राहील अशी शपथ घालून. मी राजांच्या दोन्ही याद्या, पोथ्यांच्या पानांच्या फोटोंसकट, इंटरनेटवर सर्वांसाठी खुल्या केल्या.

पंधरा दिवसांत राजूरच्या एका शिक्षिकेने लिहिलं, की सात नावांच्या पानाचं अक्षर आणि शाई निराळी आहे. मी फोटो मोठा करून पाहिला आणि गारच पडलो. आमच्या जुन्या हजेरीपटातलं अक्षर होतं ते. गुरुजींचं.

त्यांना दाखवलं. पडद्यावरच्या अक्षरावर बोट ठेवून ते म्हणाले,

“नोकरीला लागलो तवा वाळवीनं ते पान खाल्लं हुतं. कीर्तनात ऐकलेली नावं आठवून मीच लिवलं. पुढं यादी वहीत उतरवली आन् पोथी पुन्हा उघडलीच न्हाई. ते पान माझंच, हे पार इसरून गेलो.”

तीस वर्षांचं काम त्या एका पानावर उभं होतं. 

“गुरुजी, बदलांच्या नोंदींसकट गुपचूप काढून टाकू का सगळं? अक्षर तुमचं आहे हे कुणाला कळणार नाही.”

त्यांनी मान वळवून माझ्याकडे रोखून पाहिलं. “असलं किती वेळा केलंयस?”

मग कीबोर्ड पुढे ओढून एका बोटाने त्यांनी टंकलं: ‘सात नावे मी घातली. राजूरची पोथी बरोबर.’ खाली स्वतःचं पूर्ण नाव.

मागच्या वर्षी गुरुजी गेले. ती नोंद आजही कुणालाही वाचता येते. त्या दुपारी मी त्यांना वाचवायला निघालो होतो, याची मला अजून लाज वाटते.