वकीलसाहेबांचा जास्तीचा प्रश्न

रत्नागिरीच्या कोर्टात कागद करणारा आमच्या वकीलसाहेबांसारखा दुसरा माणूस नाही, आणि बोलताना थांबायचं कुठं हे न कळणारा तर अख्ख्या कोकणपट्टीत दुसरा नाही. मी चौथीत शाळा सोडली, पण माणूस ओळखायला मला कोणी शिकवावं लागत नाही, म्हणून हे छातीठोक लिहितो. त्यांनी लिहिलेला दावा हातात आला की समोरचे वकील आधी चष्मा पुसतात. जमिनीची हद्द ते कागदावर अशी बांधतात की मुंगीला शिरायला फट राहत नाही. पण तोंड उघडलं की संपलं. प्रत्येक गोष्टीत त्यांना एक प्रश्न जास्त विचारायचा असतो. मासळीबाजारात सुरमई बघून होते, भाव ठरतो, पिशवी उघडली जाते आणि हे विचारतात, "आजचीच ना?" कोळीण म्हणते, "आजचीच." इथं कुठलाही शहाणा माणूस पिशवी पुढे करील. हे विचारतात, "नक्की?" मग ती बाई सुरमई उचलून परत टोपलीत टाकते आणि म्हणते, "जावा वकीलसाहेब, तुमी आज भाजी खावा." पिशवीतून भेंडी डोकावत घरी परतणारे वकीलसाहेब आमच्या आळीत सगळ्यांनी पाहिलेत. त्यांच्या धाकटीचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका जुळली, पोहे झाले, पाहुणे चपला शोधायला उठले आणि यांनी मुलाच्या आजोबांना दारात गाठून विचारलं, "तुमच्यात कोणाला राग लवकर येतो का हो?" आजोबांना तिथल्या तिथेच आला. लग्न झालं, पण ते वहिनींनी पाहुण्यांच्या मागे फाटकापर्यंत धावत जाऊन वाचवलं म्हणून.

आता माझी केस. माझ्या घराकडे आणि हापूसच्या बागेकडे जायची वाट शेजारच्या जमिनीतून जाते. आजोबांच्या वेळेपासून तिथूनच जाते. ती जमीन बाहेरच्या एकानं विकत घेतली आणि सरळ वाटेवर चिऱ्याची भिंत घातली. मग आम्ही आंब्याच्या पेट्या डोक्यावर घेऊन कातळाच्या सड्यावरून वळसा घालायला लागलो. उन्हात तो सडा असा तापतो की चपलेतून पाय भाजतो. मुंबईचा मुलगा फोनवर म्हणायचा, "बाबा, त्यालाच विकून टाका ना. त्याला तेच हवंय." त्याला तेच हवं होतं म्हणूनच मी विकणार नव्हतो. वाट गेली की बाग जाणार, आणि बाग गेली की मी मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कुंडीशेजारी कुंडीसारखा बसणार, हे मला लख्ख दिसत होतं.

साहेबांनी दावा लिहिला. मला वाचून दाखवला तेव्हा मीच केस जिंकल्यासारखा ताठ बसलो. पण साक्षीपुराव्याची वेळ आली आणि कळलं की समोरच्याकडून आमच्याच वाडीतला एक गडी उभा राहणार. भिंतवाल्यानं त्याला राखणदार ठेवला होता. तिथं वाट कधी नव्हतीच, नुसती करवंदीची जाळी होती, असं तो शपथेवर सांगणार. त्याच संध्याकाळी साहेबांनी मला बोलावलं आणि चहा पुढे करून म्हणाले, "तात्या, इथून पुढं ही केस लांज्याच्या वकीलबाई चालवतील."

"का? तुम्ही पळताय?"

"होय."

मी कप खाली ठेवला. "वकीलपत्र तुम्हाला दिलंय. मी काय गाय आहे, दावं सोडून दुसऱ्याच्या हातात द्यायला?"

"तात्या, कागदावर जिंकायचं असतं तोवर मी. समोरच्यानं माणूस उभा करून खोटं बोलवायचं ठरवलं की माझी हद्द संपली. होडी बांधतो तो सुतार वेगळा. पूर्णगडच्या खाडीच्या तोंडावर लाटा फुटत असताना तीच होडी आत घालतो तो तांडेल वेगळा. मी सुतार आहे हो." एवढ्यावर थांबले असते तर मी चिडून निघून गेलो असतो. पण ते कुठले थांबायला! हळू आवाजात म्हणाले, "पूर्वी एका माणसाची जिंकलेली केस मी शेवटच्या एका प्रश्नानं घालवली. तो आजही बाजारात भेटला की मला वाकून नमस्कार करतो. तेच सोसत नाही."

तरी मी काही हो म्हटलं नाही. नुसता दुसऱ्या दिवशी स्टँडवर जाऊन उभा राहिलो.

मुलगी सासरी पोचवावी तसे ते मला एसटीनं लांज्याला घेऊन गेले. वकीलबाई माझ्या सुनेच्या वयाच्या. मला वाटलं, झालं, संपली माझी बाग. साहेबांनी मात्र त्यांचीच परीक्षा सुरू केली. असल्या वाटेच्या केसी कितीदा चालवल्यात? साक्षीदार रडायला लागला तर काय करता? समोरचा वकील आरडाओरडा करतो, ठाऊक आहे ना? घसा बरा असतो ना? शेवटी बाई हसून म्हणाल्या, "काका, उलटतपासणी त्या राखणदाराची आहे की माझी?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तात्या, मला दावा पाठ आहे. तुम्ही मला वाडी सांगा. कोण कोणाच्या घरी कधी येतं, कसं येतं, सगळं." मी दुपारभर सांगत बसलो आणि त्या मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. परतीच्या एसटीत साहेब म्हणाले, "बघितलंत? गप्प बसता येतं त्यांना." दुसऱ्याच्या अंगावरचा दागिना बघावा तसे म्हणाले.

साक्षीच्या दिवशी साहेब कोर्टात सगळ्यात मागे बसले होते. राखणदारानं घडाघडा सांगितलं, वाट नव्हती, जाळी होती, तात्या आधीपासून सड्यावरूनच जातात. बाई उठल्या. भिंतीचं नाव नाही, वाटेचं नाव नाही.

"शिमग्यात पालखी तुमच्या खांद्यावर असते म्हणे?"

गड्याची छाती फुगली. "पुढच्या दांडीला मीच. बापाच्या मागं मान माझा."

"वाडीत पालखी नाचवायला अवघड जागा कुठली हो?"

"काजूकडचं वळण!" आता तो कोर्टात नव्हताच, शिमग्यात होता. "डाव्या अंगाला दगडांचा गडगा, वर काजूची आडवी फांदी. खांदा जरा चुकला की देवाला फांदी लागायची. तिथं नवख्याच्या खांद्यावर पालखी देऊन चालत नाय बाईसाहेब."

"आणि वळण संपलं की पहिलं घर कोणाचं?"

"ह्यांचंच की! तात्यांचं!" आणि त्यानं हसत हसत माझ्याकडे बोट दाखवलं.

"झालं माझं," म्हणाल्या आणि बाई बसल्या.

काजूचं वळण भिंतीच्या त्या अंगाला, भिंतवाल्याच्या जमिनीत; म्हणजे पालखी माझ्या घरी यायची ती त्याच वाटेनं. ते समोरच्या वकिलाला कळलं, न्यायाधीशसाहेबांना कळलं, आणि गडी अजून हसतच होता. मी मागे पाहिलं. आमच्या वकीलसाहेबांनी छत्रीची मूठ दातांत धरली होती आणि त्यांचे डोळे भरले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "मी विचारलं असतं हो तात्या. 'मग वाट नव्हती असं का सांगितलंस?' असं मी विचारलंच असतं. तो भानावर आला असता, म्हणाला असता, पालखी एरवी सड्यावरूनच येते, एकदाच तिथून आणली होती. संपलं असतं." मी म्हटलं, "पण विचारलं नाहीत ना." तर म्हणाले, "छत्रीनं विचारू दिलं नाही."

निकाल माझ्या बाजूनं लागला. भिंत पाडा, वाट मोकळी करा. चिरे उचलून नेले त्या दिवशी मी धुतलेलं धोतर नेसून वाटेत खुर्ची टाकून बसलो आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला उठून वाट दिली. मुलाला फोन करून सांगितलं, आता तूच इकडे ये. शिमग्यात पालखी काजूच्या वळणावरून आली. पुढच्या दांडीला तोच गडी. माझ्या नजरेला नजर देईना, पण वळण मात्र त्यानं असं घेतलं की फांदीचं पानसुद्धा हललं नाही. नारळ मी त्याच्याच हातात दिला. कौतुक करायचं तिथं मी करतो.

वकीलसाहेबांनी आता कोर्ट सोडलंय. दर वर्षी आंब्याच्या दिवसात ते काठी टेकत त्याच वाटेनं माझ्याकडे येतात. पहिला आंबा चोखून होतो, हात धुऊन होतात, आणि ते विचारतात, "तात्या, दुसऱ्याकडे दिलं म्हणून राग नव्हता ना आलेला?" मी म्हणतो, "नाही." मग ते विचारतात, "नक्की?"

ह्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. पुढच्या आंब्याला सांगतो, म्हणतो. उत्तर मिळालं तर एवढी चढण चढून ते परत कशाला येतील? मग ते निघतात आणि मी ओटीवरून बघत राहतो. काजूच्या वळणावर ते थांबतात, मागे वळतात आणि आणखी काहीतरी विचारतात. एवढ्या लांबून मला ऐकू येत नाही. मी नुसता हात वर करतो.