लॅबमामांचा ट्रे

लॅबमामा कुठल्याही वस्तूला आधी कान लावायचे. आदिलाबादच्या आमच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होते. पंखा बिघडो की मोटार, आधी कान, मग पेचकस. आम्ही पोरी त्यांना ‘डॉक्टरसाहेब’ म्हणून चिडवायचो. ते खुशाल ‘ओ’ द्यायचे.

प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी माझ्या हातून छर्‍यांचे पाच डबे फरशीवर सांडले. सायकलच्या बेअरिंगमधले ते पोलादी छर्रे मामांनी मापाप्रमाणे वेगळे करून ठेवले होते. मला रडूच फुटलं.

“काऊन वं रडून राह्यली? थांब, तुले गंमत दाखोतो.”

त्यांनी पत्र्याच्या ट्रेमध्ये एकाच मापाचे छर्रे वेचून टाकले आणि हलवले. ते झटकन ओळीनं बसले. मग लहानमोठे मिसळून हलवले, तर ओळ काही लागेना. मामांनी ट्रेला टिचकी मारली, कान दिला आणि एका जागी बोट ठेवलं.

“बाकी सारे दाटून बसले. जागा ढिली हाये तिथलेच हे चार-पाच थरथरून राह्यले. आयकून पाह्य.”

मग संध्याकाळपर्यंत आम्ही छर्रे निवडत बसलो.

पुढे हैदराबादला पीएच.डी.साठी मी अतिशीत द्रव घेतले. गोठायच्या तापमानाखाली जाऊनही न गोठलेल्या द्रवात कण कसे कंप पावतात, हा विषय. पण संगणकावरचा माझा द्रव थंड केला की ओळी करून गोठायचा. वर्ष पाण्यात गेलं. एक दिवस ट्रे आठवला. लहानमोठे कण मिसळले आणि द्रव गोठेना! शिवाय मंद लयीच्या कंपनात ढिल्या जागेतले मोजकेच कण जोरात थरथरत होते. मी आनंदानं टेबलावर थाप मारली, चहा सांडला.

तोंडी परीक्षेत नागपूरहून आलेले परीक्षक नेमके त्यावरच अडून बसले. ही थरथर म्हणजे तुमच्या हिशेबातली चूक, असं त्यांचं म्हणणं. पाच वर्षांची मेहनत टांगणीला लागली. मी मागच्या रांगेकडे पाहिलं. निवृत्त झालेले मामा माझ्या आग्रहावरून बसनं आले होते, ट्रे आणि छर्‍यांचे डबे मांडीवर घेऊन.

माझी खूण होताच मामांनी पुढे येऊन टेबलावर ट्रे ठेवला, लहानमोठे छर्रे मिसळले, टिचकी मारली, डोळे मिटून ऐकलं आणि बोट ठेवलं. परीक्षक वाकले. चार-पाच छर्रे थरथरत होते. त्यांनी स्वतः टिचकी मारली. पुन्हा मारली. मग त्या मोठ्या माणसानं चक्क ट्रेला कान लावला, आणि हसत माझ्या कागदांवर सही केली. मला मामांना कडकडून मिठी मारावीशी वाटली, आणि मी मारलीच.

“हे तुम्हाला कुणी शिकवलं?” परीक्षकांनी विचारलं.

“या पोरीनंच, साहेब,” मामा ताठ उभे राहून म्हणाले. “डबे इनंच सांडले होते नं!”