नाल्यातला वर्ग

“फेकतो म्हंजे कुठी फेकतो?” असं विचारून ते काही फेकायला निघालेल्याचं मनगट धरायचे आणि उत्तर मिळाल्याशिवाय सोडायचे नाहीत. असा चिवट माणूस तुम्हीही पाहिला असेल; आमच्या वाट्याला तो मास्तर म्हणून आला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. जहाजाच्या इंजिनखोलीत वीस वर्षं काढून ते आमच्या गावी, किन्हीराजाला, परतले आणि खलाशी भरतीसाठी आम्हा सात पोरांना शिकवू लागले. समुद्र आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता. गाव हसायचं. पहिला धडा काय, तर दिवसभर एका बादलीत भागवायचं! माझी आई वैतागून म्हणाली, “समुद्रावर जानाऱ्याले पान्याची काय कमी?”

“बाई, तिथं पिवाचं पानी सोबतच न्या लागते,” मास्तर म्हणाले. आईला ते काही पटलं नाही.

वर्ग एका बागायतदाराच्या गुरांच्या कोठ्यात भरायचा. त्याच्या विहिरीवरच्या इंजिनाचं काळं तेल गडी नाल्यात ओतायचा. त्याच नाल्यात खाली झिरा खोदून आमचा बौद्धवाडा पिण्याचं पाणी भरायचा. एके सकाळी मास्तरांनी गड्याचं मनगट धरलं आणि आपला प्रश्न विचारला. मालक धावत आला.

“मास्तर, कोठा माहा, इंजिन माहं, तेलबी माहं!”

“अन् पानी कोनाचं, मालक? तेल डब्यात भरा. बैलबंडीच्या आसाले वंगन होते.”

“उद्यापासून कोठा खाली करा.”

“उद्या कायले? आत्ताच करतो.”

फळा डोक्यावर घेऊन ते निघाले, मागे आम्ही. वर्ग नाल्यातच भरला, बरोबर इंजिनासमोर. रोज सात पोरं टक लावून बघताहेत म्हटल्यावर गड्याचा हात उचलेना. पंधराएक दिवसांनी मालकाने मुकाट्याने डबा ठेवला. कोठा त्याने परत दिला नाही, मास्तरांनी मागितलाही नाही.

पुढे मी जहाजावर लागलो. पहिल्याच वर्षी साहेबाने तळाशी साचलेलं तेलकट पाणी समुद्रात सोडायला सांगितलं. मी म्हणालो, “नाही सोडणार.” पुढच्या बंदरात मला उतरवलं.

कधी एकदा मास्तरांना सांगतो, असं झालं होतं. एसटीतून उतरलो तो थेट त्यांच्या दारात. दाराला कुलूप.

“मास्तर गेले ना बापू,” शेजारीण म्हणाली. “महिना झाला.”

नोकरी गेल्याचं मला आजही काही वाटत नाही. त्यांना सांगता आलं नाही, याचं फार वाटतं. त्या दिवशी मी ओट्यावर बसलो आणि सगळं त्या बंद दारालाच सांगितलं. लोक जमले. मी आवाज कमी केला नाही.